नव्या खोलीतली रेंज

१

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. दीपमालाला ती चढून अकरा महिने झाले होते, आणि आज तर कोर्टच तिच्या घरी येणार होतं. दुपारी अडीच वाजता, लॅपटॉपवरून.

घर म्हणजे माकणी गावापासून दोन-अडीच किलोमीटर आत, धरणाच्या अंगाला असलेली वडिलांची वस्ती. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं ओसरी आणि उजव्या हाताला स्लॅबची एक नवी खोली. ती खोली वडिलांनी, महारुद्र आण्णांनी, नातीसाठी बांधायला काढली होती. नात, म्हणजे दीपमालाची सात वर्षांची हर्षाली, मागच्या दिवाळीत चार दिवसांसाठी बापाबरोबर त्याच्या गावी तामलवाडीला गेली आणि बापानं तिला परत धाडलंच नाही. दीपमाला आणि युवराज, दोघं नवराबायको, तेव्हा वेगळे राहायला लागून वर्ष झालं होतं. कोर्टात युवराजच्या वकिलानं छातीठोकपणे सांगितलं, की ही बाई रानात पत्र्याखाली राहते, पोरीला पाठ टेकायला धड जागा नाही. जजसाहेब म्हणाले, ठीक आहे, बघूनच घेऊ. मुलगी जिथं राहणार ती खोली बाईंनी घरूनच व्हिडिओवर दाखवावी.

एवढी साधी गोष्ट, पण दोन तारखा हुकल्या. एकदा वीज गेली, एकदा रेंज. आज सकाळी ती विहिरीवर असताना शिवकांता वकील मॅडमचा फोन आला.

"दीपमाला, ही शेवटची तारीख धरा. आज तुम्ही दिसला नाहीत तर साहेब समोर आहे त्यावरच निकाल देतील. युवराज हर्षालीला घेऊन कोर्टात येतोय. खोली पसंत पडली तर आजच्या आज ताबा मागते मी. पण तुम्ही दिसल्या पाहिजेत."

"दिसते मॅडम. कायबी झालं तरी दिसते."

फोन ठेवून ती रोजच्यासारखी नव्या खोलीत पाणी मारायला गेली. गवंडी अर्धा गिलावा करून पोळ्याला म्हणून गावी गेला तो अजून उगवायचा होता. वायरिंग झालेलं नव्हतं. ओल्या सिमेंटचा वास नाकात बसत होता. उघड्या विटांच्या बाजूला तिनं आपली त्यातल्या त्यात बरी साडी पडद्यासारखी ताणून बांधली होती आणि लोखंडी कॉटवर नवी चादर घातली होती. साहेबांनी जरा मन मोठं केलं तर एवढ्यावर भागेल, असं तिला वाटत होतं. बादली रिकामी करून ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

२

लॅपटॉप धाकट्या भावाचा, योगीराजचा. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. जुना झालेला लॅपटॉप त्यानं बहिणीला दिला आणि विंडोज जड जातं म्हणून त्यावर लिनक्स घालून दिलं. दीपमालाला त्याची भीती नव्हती. पंचायतीत तिनं दोन वर्षं डाटा एन्ट्री केली होती, काळ्या पडद्यावर चार आज्ञा टाईप करायला ती शिकली होती. छतावर एक छोटी डिश होती, ती माकणीतून इंटरनेट घ्यायची. ओसरीच्या भिंतीवर राऊटर होता, तो ते घरभर वाटायचा. मोबाईलची रेंज मात्र वस्तीवर कुठंच नव्हती, फक्त विहिरीजवळच्या चिंचेखाली दोन काड्या यायच्या, बोलण्यापुरत्या. त्यात तिचा टच फोन गेल्या आठवड्यात हौदात पडून मेला होता. हातात होता आण्णांचा बटणांचा डबा.

बाराला तिनं ओसरीत लॅपटॉप उघडला. रोज आपोआप जोडणारं वायफाय आज पासवर्ड मागू लागलं. तिनं दिला. चाक फिरलं, पुन्हा पासवर्ड मागितला. एकेक अक्षर निरखून दिला. पुन्हा तेच. आठव्यांदाही जमलं नाही तेव्हा तिनं यादी उघडून पाहिली. 'हर्षूचं घर' हे त्यांच्या वायफायचं नाव यादीत दोनदा होतं. एकाखाली एक. वरच्याची रेंज जास्त होती.

पदर खोचून ती चिंचेकडं पळाली.

"योग्या, आपलं वायफाय दोन दोन दिसालंय रे. आन् पासवर्ड बी खाईना."

"थांब अक्का, घाबरू नको," योगीराज म्हणाला. "कुणीतरी तुझ्याच नावाचं वायफाय लावलं असंल शेजारी. लॅपटॉप जवळची रेंज धरतोय, अन् त्याला पासवर्ड ठाऊक न्हाय म्हणून मोडतंय."

"पासवर्ड तर मी देतेय की."

"तसं न्हाय. पासवर्ड कुणीच बोलून दाखवत नसतंय. राऊटर एक आकडा फेकतो, लॅपटॉप त्यात पासवर्ड कालवून उत्तर देतो. मग राऊटरला बी तसंच करून दाखवावं लागतं. चार फेऱ्या होत्यात. दोघांला बी ठाऊक असंल तरच गाठ बसती. चोराला नाव उचलता येतंय, पासवर्ड न्हाय."

"आन् शेजारी कोण हाय रे हितं? धा एकरात आमी अन् दोन म्हशी."

योगीराज हसला, पण लगेच कामाला लागला. राऊटर रीसेट कर म्हणाला. नाव नवीन ठेव. पासवर्ड असा ठेव की तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नसंल, मला बी सांगू नको.

३

आता असा पासवर्ड कुठून आणायचा? माणसाकडं जन्मतारखा असतात, गाड्यांचे नंबर असतात, आणि ते सगळ्या गावाला पाठ असतात. दीपमालाला एकच गोष्ट आठवली.

त्यांच्याकडं बारशाला पोरीला दोन नावं ठेवतात. एक हाकेचं, ते सगळ्यांसमोर. दुसरं पंचांगातलं, ते आत्या बाळाच्या कानात सांगते आणि मग आईच्या कानात. बस्स. ते नाव घरात कुणी उच्चारायचं नाही, शाळेत घालायचं नाही, बापालासुद्धा सांगायचं नाही. त्या नावानं पोरीला कुणी हाक मारली तर पोर त्याची होते, असं म्हाताऱ्या बायका सांगतात. दीपमाला असल्या गोष्टींना हसायची, तरी सात वर्षांत ते नाव तिनं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. हर्षालीची आत्या पाच वर्षांपूर्वी काविळीनं गेली. म्हणजे त्या नावाची धनीण जगात ती एकटीच उरली होती.

राऊटरच्या भोकात तिनं टाचणी दाबली. तो विझून पेटला, मागच्या चिठ्ठीवरच्या पासवर्डनं लॅपटॉप मुकाट्यानं जोडला गेला. योगीराजनं सांगितलेले आकडे तिनं भरले. नवं नाव दिलं, 'वस्ती'. पासवर्डाच्या रकान्यावर बोट थबकलं. हरणाबाईंना, तिच्या आईला, कळलं असतं तर त्यांनी आकांत केला असता. त्या अंगणात सुपानं उडीद पाखडत बसल्या होत्या. दीपमालानं ते नाव आधी राऊटरच्या आणि मग लॅपटॉपच्या रकान्यात टाईप केलं. ते इथंही लिहीत नाही.

राऊटर पुन्हा विझला आणि लागला. यादीत 'वस्ती' आलं. एकच. तिनं सुटकेचा श्वास टाकला, देवाला हात जोडले, आणि सवयीनं यादी पुन्हा एकदा ताजी केली.

वस्ती. वस्ती.

ती बघत असतानाच लॅपटॉप आपणहून जोडला गेला. जास्त रेंजच्या 'वस्ती'ला, वरच्या. काळ्या पडद्यावर ओळी पळाल्या. पहिली फेरी, दुसरी, तिसरी, चौथी. गाठ बसली.

दीपमालानं वायफायचं बटणच बंद केलं. नाव उचलता येतं, पासवर्ड नाही, असं योग्या म्हणाला होता. मग त्या दुसऱ्याला ते नाव कसं ठाऊक?

४

तिचं डोकं वाईट नव्हतं. तिनं स्वतःला समजावलं, की राऊटरच जुना, तोच दोनदा ओरडत असेल. प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक लांबलचक नंबर असतो, तो यादीत दिसतो, हे तिला माहीत होतं. तिनं वायफाय सुरू केलं, पण जोडू दिलं नाही, आणि दोन्ही 'वस्ती'चे नंबर पेननं तळहातावर लिहिले. खालचा नंबर राऊटरच्या चिठ्ठीशी जुळला. वरचा जुळला नाही. तो कुठं तरी पाहिल्यासारखा वाटत होता. तिनं काळ्या पडद्यावर आणखी एक आज्ञा दिली आणि आलेलं उत्तर तळहाताशी ताडून पाहिलं.

तो नंबर तिच्याच लॅपटॉपचा होता.

वायफायचं कार्ड चक्रावलं असेल, तिनं स्वतःला सांगितलं. स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकू येत असेल. असं होत असेल, आपल्याला काय कळतं त्यातलं. पण आवाज आतून येत असेल तर लॅपटॉप कुठंही नेला तरी रेंज तेवढीच राहायला हवी. तिनं लॅपटॉप उचलला आणि चालायला लागली. ओसरीत वरची रेंज अठ्ठ्याहत्तर होती. चुलीपाशी ती सत्तरवर आली. परत फिरून उजवीकडं गेली तशी चौऱ्याऐंशी. नव्या खोलीच्या दाराशी ब्याण्णव.

तिनं पायानं दार ढकललं. आत कोणी नव्हतं. ओल्या भिंती, कॉट, ताणून बांधलेली साडी. ती कॉटपर्यंत गेली. शंभर.

एवढी रेंज राऊटरला लॅपटॉप चिकटवून ठेवला तरी यायची नाही. तिनं चादर उचलून कॉटखाली पाहिलं, साडीमागं हात घालून विटा चाचपल्या. विटा गार होत्या. सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत आटतं. पण भिंतीवरून आत्ताही ओघळ उतरत होते, ताजे, आणि जमिनीवर थारोळं साचलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा हरणाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"दीपे, किती पाणी मारशील गं? मघापासनं नुसतं पाणी माराया लागलीस."

"म्या कुठं मारलं, आई? म्या तर ओसरीत हाय."

"व्हय? मग आत कोण व्हतं?" म्हातारीनं डोळे बारीक करून खोलीकडं पाहिलं. "गुणगुणत बी व्हतीस की. पोरीला निजवायचं ते."

हरणाबाईंना कानानं कमी ऐकू यायचं. हे एकच उत्तर दीपमालापाशी होतं आणि तिनं ते घट्ट धरलं. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

५

पुढच्या पंधरा मिनिटांत तिनं जिवाचा आटापिटा केला. लॅपटॉपला दम देऊन सांगितलं, की खालच्याच नंबराला जोड. तो जोडायचा, चौथ्या फेरीला मोडायचा, आणि पडद्यावर ओळ यायची, पासवर्ड चुकीचा. खरा राऊटर, तिनं स्वतः दिलेला पासवर्ड, आणि तिलाच चुकीची म्हणायचा. तिनं लॅपटॉप बंद करून सुरू केला. लॅपटॉपला तारेची जागा नव्हती, नाहीतर तार खोचली असती. आण्णा मोटारसायकल घेऊन लोहाऱ्याला गेले होते. माकणीपर्यंत पळत जावं तर अर्धा तास, आणि साहेबांना दाखवायची खोली तर इथं.

शेवटी तिनं राऊटरची वायरच उपटली. डिशची पण उपटली. सगळे दिवे विझले. आता इथं कुठलंच वायफाय असायला नको होतं.

यादीत एकच नाव उरलं. वस्ती. ओसरीत बसल्या जागी रेंज शंभर होती.

ती चिंचेकडं पळाली तेव्हा तिला रडू फुटलं होतं.

"योग्या, वायर काढली तरी दिसालंय. तेच्याला पासवर्ड बी ठाऊक हाय. त्यो कुणालाच ठाऊक न्हाय रे, कुणालाच!"

योगीराजनं तिला मधेच तोडलं.

"अक्का, त्याला जोडू नको. ऐकतीस का? जे काय असंल ते असू दे, जोडू नको. जोडलंस की तू बोलशील ते आधी त्याच्याकडं जाईल. पुढं काय सोडायचं, काय न्हाय, ते त्याच्या हातात. मी मॅडमला फोन करून पुढची तारीख मागायला—"

"पुढची तारीख न्हाय मिळणार! माझी लेक जाईल रे."

"अक्का, मी सांगतोय—"

आण्णांच्या फोनची बॅटरी संपली. दोन सव्वीस.

कुणी म्हणेल, तिनं थांबायला हवं होतं. बोलायला काय जातं! अकरा महिने जिनं पोरीचे केस विंचरले नाहीत, तिला विचारावं. दीपमाला परत आली, ओसरीत बसली, डोळे पुसले आणि वरच्या, आता एकट्याच उरलेल्या 'वस्ती'वर बोट ठेवलं. चार फेऱ्या डोळ्याचं पातं लवेपर्यंत झाल्या. इतकं पळणारं इंटरनेट त्या वस्तीवर कधीच आलं नव्हतं.

६

कोर्टाची लिंक लगेच उघडली. चार चौकोन दिसले. एकात जजसाहेब, एकात शिवकांता मॅडम. तिसऱ्यात युवराज बाकावर, आणि त्याला टेकून उभी असलेली हर्षाली. वाढली होती. दोन वेण्या कुणीतरी वाकड्या घातल्या होत्या.

चौथ्या चौकोनाखाली तिचं स्वतःचं नाव होतं.

त्यात नवी खोली दिसत होती. चारही भिंतींना गिलावा झालेला, पिवळा रंग दिलेला, वर दिवा लागलेला. खोलीत पाठीमागच्या उजेडात हिरवी साडी नेसलेली एक बाई बसली होती. दीपमालाच्या अंगावरही हिरवीच साडी होती. पण दीपमाला ओसरीत होती आणि तिच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा दिवा लागलेलाच नव्हता.

"साहेब," दीपमाला म्हणाली. "साहेब, ती म्या न्हाय."

कुणी मान वर केली नाही. चौकोनातली बाई म्हणाली, "नमस्कार साहेब. माफ करा, मागच्या दोन तारखांना रेंजनं दगा दिला." आवाज दीपमालाचाच होता. फक्त तो कापत नव्हता.

"हरकत नाही," साहेब म्हणाले. "खोली दाखवा."

बाईनं कॅमेरा फिरवला. कॉट, त्यावर उशी, खिडकीला पडदा, भिंतीवर फळी, फळीवर पुस्तकं. साहेब विचारत गेले आणि ती सांगत गेली. शाळा किती लांब, पोरीला सोडायला कोण, घरात कोण कोण. दीपमाला अडखळली असती अशी सगळी उत्तरं तिला तोंडपाठ होती. युवराजचा वकील उठला, काहीतरी बोलायला गेला आणि भिंतींकडं बघून बसला. बाईचा चेहरा उजेडामुळं नीट दिसत नव्हता, पण कोर्टातल्या लोकांना तो दिसत असावा, कारण शिवकांता मॅडम तिच्याकडं बघून हसल्या. आणि हर्षालीनं हात हलवला.

दीपमाला ओरडत होती. घसा फाटेपर्यंत पोरीला हाका मारत होती. अंगणात हरणाबाई आपल्या पाखडत बसल्या होत्या.

मग तिनं लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. झाकण मिटलं की हे सगळं तुटणार होतं. चौकोन काळा पडणार, साहेब घड्याळ बघणार, आणि हर्षाली वाकड्या वेण्या घेऊन तामलवाडीला परत जाणार. कायमची. तिला हे स्वच्छ कळत होतं. साहेब खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. आणखी दोन मिनिटं, ती स्वतःशी म्हणाली, निकाल तेवढा लागू दे, पोर दारात येऊ दे, मग मी बघून घेईन काय ते. तिनं हात काढून घेतला.

"मुलीचा ताबा आईकडं," साहेब म्हणाले. "वडिलांनी आजच संध्याकाळच्या आत मुलीला त्या घरी पोचवावं."

दीपमाला हुंदके देऊन रडली. आनंदानं, खरंच आनंदानं, क्षणभर. एकेक चौकोन विझत गेला. युवराजचा विझायच्या आधी पिवळ्या खोलीतली बाई पुढं झुकली आणि हळूच एक नाव म्हणाली. पंचांगातलं. हर्षालीनं ते जन्मात कधी ऐकलेलं नव्हतं, एकदा बारशाला सोडून.

"ओ, आई," हर्षाली म्हणाली.

७

नव्या खोलीत काहीच बदललेलं नव्हतं. दीपमालानं चार वेळा जाऊन बघितलं. उघड्या विटा, ओल, लोंबणारी साडी. यादीत आता एकही वायफाय नव्हतं. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. पोरीला खोलीत जाऊच द्यायचं नाही. फाटकातच उचलायची, छातीशी धरायची, रात्र ओसरीत काढायची आणि पहाटेच्या गाडीनं पुणं गाठायचं. कोर्टाला काय सांगायचं ते नंतर बघू.

साडेपाचला धुरळा उडवत गाडी आली. ऊन अजून चिंचेच्या शेंड्यावर होतं. दीपमाला फाटकात दोन्ही हात पसरून उभी राहिली. युवराज उतरला. त्यानं दीपमालाच्या खांद्यावरून घराकडं पाहिलं, चेहरा कडू केला आणि मोठ्यानं म्हणाला, "घे. आणली तुझी पोर." तो दीपमालाशी बोलत नव्हता. पिशवी खाली ठेवून तो गाडीत बसून निघून गेला.

"हर्षू," दीपमाला गुडघ्यावर बसली. "माझं बाळ ते. ये."

हर्षाली थबकली. अनोळखी माणसाशी पोरं बोलतात तशी जरा लाजत म्हणाली, "मावशी, सरका ना. आई तिकडंय."

दीपमालानं वळून पाहिलं. नव्या खोलीचं दार हातभर उघडलं होतं आणि त्या फटीतून पिवळा उजेड अंगणात पडला होता. दाराच्या कडेवर एक हात होता. मनगटापर्यंत ओला, बोटांवरून पाणी ठिबकणारा, बांगड्या दीपमालाच्याच. तो पोरीला बोलवायला वळला तेव्हा तळहातावर पेननं लिहिलेले दोन्ही नंबर दिसले.

तिनं झडप घातली, पण हर्षाली तिच्या हाताखालून निसटली, पळत अंगण ओलांडलं आणि फटीतून आत गेली. दार लागलं. दीपमाला दारावर धडकली. ते नुसतं ओढून घेतलेलं दार होतं, पायानं उघडायचं. आता हललं नाही. आतून हर्षालीचा आवाज येत होता, एकामागून एक गोष्टी सांगणारा, मधेच हसणारा. अकरा महिन्यांत साठलेलं सगळं ती सांगत होती. कंगव्याचा आवाज येत होता. कुणीतरी तिच्या वेण्या सोडून पुन्हा घालत होतं.

"आई! आई, उठ गं! दार उघड, आत दुसरीच बाई हाय!"

हरणाबाई कमरेवर हात ठेवून सावकाश उठल्या, जवळ आल्या आणि पदर सावरून तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"कोण पायजे, बाई, तुमाला?"

"आई, म्या दीपा."

"दीपा आत हाय. लेकीला जेवू घालती असंल." म्हातारी अदबीनं बोलत होती. "तुमी कोणच्या गावच्या?"

दीपमालानं आईचे दोन्ही हात धरले. काय सांगू आणि काय नको असं तिला झालं. तिसरीत असताना म्हशीनं तुडवलं होतं ते सांगितलं, तू मला पाठीवर घेऊन माकणीपर्यंत पळालीस ते सांगितलं, लग्नात तू आण्णांपासून लपवून मला काय दिलंस ते सांगितलं, तू एकटी असताना कोणाच्या नावानं रडतेस तेसुद्धा सांगितलं. एकेक खूण ती पुढं करत होती आणि हरणाबाईंचा चेहरा घाबरत चालला होता. शेवटी त्यांनी हात सोडवून घेतले.

"माझ्या लेकीच्या गोष्टी तुमाला कुणी सांगितल्या वो?" त्या मागं सरत म्हणाल्या.

दीपमाला तिथंच, दाराला पाठ लावून खाली बसली.

पण दारात आलेल्याला तसंच धाडायची त्या घरची रीत नव्हती. हरणाबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि वाटीत गुळाचा खडा. परक्या बाईपुढं ठेवतात तसं ते त्यांनी जरा अंतर राखून दीपमालापुढं ठेवलं.

"पाणी प्या, बाई," त्या म्हणाल्या. "आन् दिवस हाय तवर वाटंला लागा. तुमची बी लेकरं वाट बघत असतील."